खाऱ्या समुद्राशेजारी गोडे बावखल

लोणी काळभोरला आलेला पाहुणा सहसा रामदरा पाहिल्याशिवाय परत जात नाही. डोंगराच्या कुशीत एक तळे आहे, तळ्याने वेढलेले शंकराचे मंदिर आहे आणि सभोवार नारळाची झाडे आहेत. एका रविवारी काही विद्यार्थ्यांबरोबर मी या तळ्याच्या काठी बसलो होतो. त्यांच्यातली एक मुलगी नुकतीच वसईला मावशीकडे राहून आली होती. ती म्हणाली, "सर, मावशीच्या वाडीतही असंच एक तळं आहे, पण लहान. त्याला बावखल म्हणतात. समुद्र तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे, तरी पाणी गोडं! गल्लीतली सगळी मुलं दर रविवारी त्यातली घाण काढतात. मीसुद्धा घमेली उचलली."

दुसरा लगेच म्हणाला, "त्यात काय नवल? मधली वाळू मीठ गाळून घेत असेल."

तिसऱ्याने वेगळाच प्रश्न टाकला. "सर, मग आपणही आपल्या गावातल्या तळ्याचा गाळ काढू या का?"

विद्यार्थीमित्रांनो, समुद्राशेजारी पाणी गोडे कसे राहते? वाळू मीठ गाळते का? आणि तळ्याचा गाळ काढणे नेहमीच चांगले असते का? हे तीन प्रश्न तीन वेगळ्या मुलांनी विचारले असले, तरी त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. आपण ती क्रमाने पाहू. त्यासाठी नववी-दहावीतले द्रवाचा दाब, घनता आणि विद्युत रोध हे तीन धडे पुरेसे आहेत.

बावखल म्हणजे काय?

मुंबईच्या उत्तरेस, दक्षिणेकडे वसईची खाडी आणि उत्तरेकडे वैतरणा नदी यांच्यामध्ये वसई तालुका आहे. पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला याच तालुक्यातला. किनाऱ्यालगतच्या सखल पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले यांच्या वाड्या आहेत. तिथली सुकेळी तुमच्यापैकी काहींनी चाखलीही असतील.

या वाड्यांमध्ये शेतकऱ्यांनी खोदलेल्या लहान तळ्यांना बावखल म्हणतात. पावसाळ्यात ती काठोकाठ भरतात. पूर्वी त्यांच्या काठी रहाट असे. बैल फिरत, रहाटाचे पोहरे पाणी वर आणत आणि पाटाने ते बागेत जाई. आसपासच्या विहिरींनाही या तळ्यांचा आधार असे. पुढे विजेचे पंप आले, नळाचे पाणी आले आणि रहाट थांबले. ज्याचा रोजचा उपयोग संपतो त्याच्याकडे लक्षही राहत नाही. काही बावखलांत कचरा पडू लागला, काहींवर जलपर्णी पसरली. जमिनीचे भाव वाढले तशी कित्येक बावखले भराव घालून बुजवली गेली आणि त्यांच्यावर घरे उभी राहिली.

गेल्या काही वर्षांत मात्र वसईतल्या तरुणांनी उरलेली बावखले साफ करण्याचे काम हाती घेतले आहे. सुट्टीच्या दिवशी घमेली, फावडी आणि दोर घेऊन ही माणसे चिखलात उतरतात. हे काम नुसते सुशोभनाचे नाही. ते का, हे समजण्यासाठी आधी वाळूकडे वळू.

वाळू मीठ गाळते काय?

हा प्रश्न तोंडी वादाने सोडवण्यासारखा नाही. प्रयोगच करा. प्लॅस्टिकच्या एका बाटलीचा तळ कापून ती उलटी धरा. तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि वर स्वच्छ धुतलेली वाळू भरा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. समुद्राच्या पाण्यात सर्व क्षार मिळून साधारण एवढेच असतात. त्यात चिमूटभर माती कालवा आणि हे पाणी वाळूतून जाऊ द्या. वाळू आधीच ओली असेल, तर पहिले पेलाभर पाणी टाकून द्या. नंतरचे पाणी एका ताटलीत घेऊन उन्हात वाळत ठेवा.

काय दिसेल? खाली आलेले पाणी पुष्कळ स्वच्छ असेल, म्हणजे माती वाळूत अडकली. पण ताटली वाळल्यावर तिच्यात मिठाचा पांढरा थर राहील. मीठ अडकलेच नाही.

कारण उघड आहे. मातीचे कण पाण्यात तरंगत असतात, मीठ मात्र विरघळलेले असते. विरघळताना त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे आयन सुटे होतात. हे आयन एक नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. वाळूच्या कणांमधल्या फटी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या धरल्या, तरी त्या आयनांहून लाखपटीने मोठ्या ठरतात. गावच्या वेशीतून मुंगी जावी तसे मीठ त्यांतून निघून जाते.

तेव्हा आपल्या मित्राचे उत्तर चुकले. मात्र त्याने ते बोलून दाखवले, म्हणून आपल्याला तपासता आले. शाळेत असताना मीही हेच उत्तर दिले असते.

हलके पाणी वर, जड पाणी खाली

आता दुसरा प्रयोग. एका काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत ते मिठाचे पाणी घ्या. साध्या पाण्यात शाईचे दोन थेंब टाका. मिठाच्या पाण्याला जेमतेम टेकेल असा चमचा धरून त्यावरून रंगीत पाणी अगदी सावकाश ओता. रंगीत गोडे पाणी वर तरंगत राहील. पेला हलवला नाही, तर दोन्ही थर बराच वेळ वेगळे दिसतील.

एक घनमीटर गोड्या पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम असते, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ किलोग्रॅम. फरक अवघा २५ किलोग्रॅमचा, म्हणजे अडीच टक्क्यांचा. पण समुद्रकाठच्या विहिरी आणि बावखले गोडी राहतात ती या अडीच टक्क्यांच्या जोरावर.

किनाऱ्याजवळच्या जमिनीत खोलवर खारे पाणी शिरलेले असते. पावसाचे पाणी वरून झिरपते. ते हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि आपल्या वजनाने त्याला खाली दाबते. पाण्यात तरंगणाऱ्या लाकडाचा बराचसा भाग बुडालेला आणि थोडा वर असतो, तसेच इथेही होते. गोड्या पाण्याचा थोडा भाग समुद्रपातळीच्या वर आणि बराच भाग तिच्या खाली असतो. बेटासारख्या जमिनीत या थराचा आकार मध्ये जाड आणि कडांना पातळ अशा भिंगासारखा होतो.

किती भाग वर आणि किती खाली, हे आपण स्वतः काढू शकतो. समजा, भूजलाची पातळी समुद्रपातळीपेक्षा 'उ' मीटर उंच आहे आणि गोडे पाणी समुद्रपातळीच्या खाली 'ख' मीटरपर्यंत पोचले आहे. जिथे गोडे पाणी संपून खारे सुरू होते तिथे दोन्ही बाजूंचा दाब सारखा असला पाहिजे, नाहीतर पाणी सरकेल. जमिनीच्या बाजूला गोड्या पाण्याचा (उ + ख) मीटर उंचीचा स्तंभ आहे, समुद्राच्या बाजूला खाऱ्या पाण्याचा ख मीटर उंचीचा. म्हणून,

१००० × (उ + ख) = १०२५ × ख

यातून १००० × उ = २५ × ख, म्हणजेच

ख = ४० × उ

केवढा मोठा निष्कर्ष या चार ओळींतून निघाला, पाहा! भूजलाची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर उंच असेल, तर खाली ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. हा नियम हॉलंडचे बॅडन घायबेन यांनी १८८८-८९ च्या सुमारास आणि जर्मनीचे हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडला, म्हणून तो या दोघांच्या नावांनी ओळखला जातो.

नियमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गोडे आणि खारे यांच्यामधली सीमा रेघेसारखी नसते, तिथे मचूळ पाण्याचा पट्टा असतो. जमिनीखालचे पाणी स्थिर नसते, ते सावकाश समुद्राकडे वाहत असते. शिवाय वाळू आणि माती यांच्याखाली काळा खडक लागला, तर हिशेब बदलतो. तरीही स्थूलमानाने काय होईल हे सांगायला हा नियम उत्तम आहे.

एका मीटरचे चाळीस मीटर

हीच पट उलटी फिरली तर? उपशामुळे भूजलाची पातळी अर्धा मीटर खाली गेली असे समजा. विहिरीत डोकावणाऱ्याला ते जाणवणारही नाही. पण नियमाप्रमाणे खालचे खारे पाणी अर्ध्याच्या चाळीसपट, म्हणजे २० मीटर वर येऊ पाहते. ते एका दिवसात येत नाही, त्याला महिने किंवा वर्षेही लागतात, आणि म्हणूनच माणूस फसतो. पंपाच्या अगदी खाली तर खारे पाणी उलट्या नरसाळ्यासारखे वर खेचले जाते. एक दिवस विहिरीचे पाणी मचूळ लागते, केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात आणि मग धावपळ सुरू होते. पंप बंद केला म्हणून दुसऱ्या दिवशी पाणी गोडे होत नाही. खाऱ्या पाण्याला परत खाली ढकलायला कित्येक पावसाळे लागतात.

वसईकरांना हा धडा पुस्तकातून शिकावा लागला नाही. तिथल्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून शहरी वस्त्यांना विकले जाऊ लागले, तेव्हा बागायतदार हादरले. त्यातून हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. पुढे २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्या आंदोलनाचे नेते होते. वरून पाहणाऱ्याला तो पाण्याच्या विक्रीचा वाद वाटेल. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात 'ख = ४० × उ' हे समीकरणही दिसले पाहिजे.

आता बावखलाचे महत्त्व ध्यानात येईल. कोकण किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या पुणे शहराच्या जवळजवळ तिप्पट. पण तो चार महिन्यांत पडतो आणि बराचसा समुद्राला मिळतो. बावखल त्यातले काही पाणी थांबवते आणि आसपासच्या जमिनीत मुरू देते. भूजलाची पातळी त्यामुळे बोटभर जरी उंच राहिली, तरी ते बोट खाली चाळीस बोटांचे काम करते.

बावखल आजारी कसे पडते?

बावखलात घरांचे सांडपाणी येऊ लागले की त्याबरोबर साबण, मैला आणि खरकटे येते. त्यांतले नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे वनस्पतींचे खतच. शेवाळ माजते, मूळची दक्षिण अमेरिकेची जलपर्णी हातपाय पसरते. एकदा पृष्ठभाग झाकला गेला की खाली ऊन पोचत नाही आणि हवाही मिसळत नाही. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतला प्राणवायू जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच विरघळतो. साठाच मुळी एवढा तुटपुंजा! मेलेली पाने तळाशी कुजताना तो वापरला जातो. पहाटेच्या वेळी तो सर्वांत कमी असतो, म्हणूनच तळ्यातले मासे बहुधा सकाळी मेलेले दिसतात. मासे गेले की डासांच्या अळ्या खाणारे कोणी उरत नाही. मग लोक म्हणतात, "या डबक्याने डास झालेत, बुजवून टाका." आजार आपण द्यायचा आणि शिक्षा तळ्याला, असा हा न्याय आहे.

यावरून कामाचा क्रम ठरतो. सर्वांत आधी सांडपाण्याची वाट दुसरीकडे वळवायची. हे न करता साफसफाई केली, तर वर्ष-दोन वर्षांत सारे पहिल्यासारखे होते. नंतर कचरा आणि जलपर्णी काढायची. काढलेली जलपर्णी काठावर टाकून निघून जायचे नाही. पहिल्याच पावसात तिच्यातले खत परत पाण्यात उतरते. ती लांब नेऊन तिचे कंपोस्ट करावे. आणि शेवटी गाळ.

पातळ थराचा मोठा रोध

गाळाचा प्रश्न मनोरंजक आहे. जमिनीतून पाणी कसे झिरपते याचा नियम हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडला. तो थेट ओहमच्या नियमासारखा आहे. विभवांतराच्या जागी पाण्याच्या पातळीतला फरक आणि विद्युतप्रवाहाच्या जागी पाण्याचा प्रवाह ठेवा. थर जितका जाड तितका रोध जास्त, थर जितका पाझरू तितका रोध कमी. एकाखाली एक असलेले थर म्हणजे एकसर जोडलेले रोध, त्यांची बेरीज करायची.

उदाहरणासाठी काही आकडे घेऊ. तळ्याखाली १० मीटर जाडीचा वाळूचा थर आहे आणि त्याची पाझरक्षमता दिवसाला १० मीटर आहे. त्याचा रोध १० ÷ १० = १ दिवस. आता त्यावर ३० सेंटिमीटर चिकण गाळ साचला. त्याची पाझरक्षमता दिवसाला अवघी १ मिलिमीटर, म्हणजे ०.००१ मीटर धरू. त्याचा रोध ०.३ ÷ ०.००१ = ३०० दिवस! एकूण रोध ३०१ दिवस झाला. म्हणजे दहा मीटर वाळूने जेवढी अडवणूक केली नाही, तिच्या तीनशेपट वीतभर गाळाने केली.

याचा अर्थ असा की गाळाने भरलेले बावखल ही बशी असते. तिच्यातल्या पाण्याचा आणि खालच्या भूजलाचा संबंध जवळजवळ तुटलेला असतो. गाळ काढला की तेच बावखल खिडकी बनते. त्यातली पातळी आणि शेजारच्या विहिरीची पातळी बरोबरीने वर-खाली होऊ लागते. किनाऱ्याच्या सखल पट्ट्यात भूजल मुळातच जमिनीच्या जवळ असते, म्हणून ही खिडकी उघडली तरी तळे रिकामे होत नाही.

आता तिसऱ्या मुलाचा प्रश्न घ्या. आपल्याकडे, दख्खनच्या पठारावर, स्थिती निराळी आहे. इथे तळ्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगा असलेला काळा खडक असतो. उन्हाळ्यात भूजल तळ्याच्या तळापेक्षा पुष्कळ खाली गेलेले असते. अशा ठिकाणी तळाचा चिकणमातीचा थर हाच तळ्यातले पाणी धरून ठेवतो. तो सगळा खरवडून मुरमापर्यंत गेलो, तर पाणी भेगांतून निघून जाईल आणि पौषातच तळे कोरडे पडेल. ते पाणी खालच्या विहिरींना मिळावे हाच हेतू असेल, म्हणजे तळे पाझर तलाव म्हणून बांधले असेल, तर हरकत नाही. पण जनावरांना पिण्यासाठी पाणी साठवायचे असेल, तर ती घोडचूक ठरेल.

आणि वसईतही खोदण्याला हद्द आहे. गाळ काढण्याच्या भरात मूळ तळाच्याही खाली गेलो, तर आपण मचूळ पाण्याच्या पट्ट्याच्या तेवढे जवळ जातो. पूर्वजांनी ठरवलेली खोली ही पुष्कळदा अनुभवाने ठरलेली असते. जुना तळ लागला की फावडे थांबवावे.

तेव्हा "गाळ काढू या का?" या प्रश्नाला माझे उत्तर आहे, "आधी मोजू या." मुलाचा चेहरा जरा उतरला. त्याला त्याच दिवशी कुदळ हवी होती! पण एका गावचे चांगले काम दुसऱ्या गावी जसेच्या तसे नेले, तर ते नुकसानही करू शकते, हे त्याला पटले.

पुराचा हिशेब

बावखलाचा आणखी एक उपयोग आहे. २०१८ च्या जुलै महिन्यात वसई-विरार भागात मुसळधार पावसाने हाहाकार उडवला, नालासोपाऱ्याला रेल्वेमार्ग पाण्याखाली गेले. अशा पुराला अनेक कारणे असतात. पण एक साधा हिशेब करा. ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशा बावखलाचे क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर होते. पाऊस सुरू होताना त्यातले पाणी काठापासून दीड मीटर खाली असेल, तर त्यात ६०० × १.५ = ९०० घनमीटर, म्हणजे नऊ लाख लिटर पाणी मावेल. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर ९००० चौरस मीटर जमिनीवरचे पाणी हे एकटे बावखल पोटात घेईल. ते बुजवले की तेच पाणी शेजाऱ्याच्या ओसरीवर जाते. एकाने बुजवले तर कळत नाही, शंभरांनी बुजवले की कळते. पण तोवर तिथे घरे झालेली असतात. साचलेला गाळ काढता येतो, बांधलेली इमारत काढता येत नाही. म्हणून आज जी बावखले नुसती घाण झाली आहेत, तीच वाचवण्याजोगी आहेत.

करून पाहा

तुमच्या गावात तळे असेल, मग ते वसईत असो की हवेलीत, तर शिक्षकांच्या मदतीने पुढील नोंदी ठेवा. मोठी माणसे बरोबर असल्याशिवाय पाण्यात किंवा चिखलात उतरू नका. चिखलात फुटक्या काचा असतात, खोलीचा अंदाज येत नाही. पायाला जखम असेल, तर घाण पाण्यापासून दूरच राहा.

१. काठाजवळ सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक काठी पक्की रोवून घ्या. रोज ठरावीक वेळी पाण्याची पातळी लिहा. जवळच्या विहिरीतली पातळीही दोर सोडून मोजा. दोन्ही पातळ्या बरोबरीने बदलतात का? बदलत असतील तर तुमचे तळे खिडकी आहे. विहीर खाली जाते आणि तळे जागच्या जागी राहत असेल, तर ती बशी आहे.

२. पावसाळा संपल्यावर एक घमेले अर्धे पाण्याने भरून तळ्याच्या पाण्यात तरंगत बांधा. त्यातले पाणी फक्त वाफ होऊनच कमी होईल. समजा, आठवड्याची सरासरी काढल्यावर घमेल्यातली पातळी रोज ५ मिलिमीटर उतरली आणि तळ्यातली ८ मिलिमीटर. तर उरलेले ३ मिलिमीटर जमिनीत मुरले. ६०० चौरस मीटरच्या तळ्यात हे रोजचे १८०० लिटर होतात. मात्र त्या आठवड्यात कोणी पाणी उपसले नाही ना, आणि बाहेरून पाणी आले नाही ना, याची खात्री करून घ्या.

३. एका लांब परीक्षानळीत थोडी वाळू घालून ती पाण्यात उभी तरंगेल अशी करा. ती गोड्या पाण्यात २० सेंटिमीटर बुडत असेल, तर समुद्राच्या पाण्यात साधारण अर्धा सेंटिमीटर वर येईल. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी दर महिन्याला विहिरीचे पाणी असे तपासावे. थोडासा मचूळपणा या नळीला कळणार नाही, पण मोठा बदल कळेल.

४. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, गावात पूर्वी किती तळी आणि विहिरी होत्या? गावाचा एक नकाशा काढून त्या दाखवा. बुजलेल्यांवर फुली मारा. हा नकाशा वर्गात लावा.

थोडा विचार करा

१. भूजलाची पातळी समुद्रापेक्षा ७५ सेंटिमीटर उंच असेल, तर गोडे पाणी समुद्रपातळीखाली किती खोलवर असू शकेल? पातळी ६० सेंटिमीटरवर आली तर खारे पाणी किती मीटर वर येऊ पाहील?

२. मृत समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १२४० किलोग्रॅम प्रतिघनमीटर आहे. त्याच्या काठी वरच्या नियमातला ४० हा आकडा किती होईल?

३. वरच्या उदाहरणातला ३० सेंटिमीटर गाळ निम्मा काढला, तर एकूण रोध किती उरेल? सगळा न काढता थोडा ठेवण्यात काही फायदा असू शकेल काय? वसईसाठी आणि पठारावरच्या गावासाठी वेगवेगळे उत्तर लिहा.

(उत्तरे : १. ३० मीटर, ६ मीटर. २. सुमारे ४.२. ३. १५१ दिवस, पुढचे तुम्हीच ठरवा.)

रामदऱ्याहून परतताना त्या मुलीने मावशीच्या बावखलाची आणखी एक गोष्ट सांगितली. साफसफाई झाल्यावर तिथल्या एका वयस्क काकांनी काठावर खुणांची पट्टी रोवली आणि मुलांना सांगितले, "घाण काढायला तुम्ही सगळे आलात, ते बरं झालं. आता रोज बघायला कोण येणार, ते ठरवा." तळे साफ करायला दहा-बारा रविवार पुरतात, ते सांभाळायला मात्र रोज पट्टी वाचणारा कोणीतरी लागतो. तुमच्या वर्गातून पाळीपाळीने दोघे जण निघाले, तरी हे काम भागेल.